ठिपकीच्या पायातली लाल पट्टी

परवा संध्याकाळी साडेसहा वाजत आले तरी शेवग्याच्या शेंड्यावर ऊन होतं. कंपनीची बस वडिलांना कोपऱ्यावर सोडून कधीच निघून गेली होती आणि मी मागच्या पायरीवर चहा घेऊन बसले होते. तेवढ्यात तो आवाज आला. घसा बसलेल्या माणसानं कानात काही सांगावं तसा, सूर कमी आणि हवा जास्त. बदकाचा नर असा बोलतो. ओरडते ती मादी. तिचा आवाज चऱ्होलीच्या चौकापर्यंत जाईल. नराला तसा मोठा आवाजच नाही. त्याच्याकडे चोच आहे, वजन आहे आणि माघ लागला की रोज थोडा थोडा वाढत जाणारा दिवस आहे.

दिवस मोठा होऊ लागला की बदकांची डोकी फिरतात, हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हतं. मला तेव्हा बऱ्याच गोष्टी ठाऊक आहेत असं वाटायचं. तो माघ आठवला की आधी वास येतो: भिजवलेल्या कोंड्याचा, हिरव्या शेवाळाचा, चाकणकडून येणाऱ्या ट्रकमधल्या ओल्या कांद्याचा. मग ठिपकीची उघडी पडलेली मान दिसते. तिच्यासमोर वही घेऊन बसलेली मीही दिसते, पण तिकडे मी फार वेळ पाहत नाही.

बदकं आमची नव्हती. ती सोपानतात्यांची. तात्या इथले मूळचे. त्यांच्या शेतावर आता सात मजल्यांची इमारत आहे आणि त्याच इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तात्यांचा फ्लॅट आहे. मोबदल्यात मिळालेला. बैल गेले, विहीर बुजली, शेततळ्याच्या जागी गाड्यांचं पार्किंग आलं. शेवटी राहिली ती नऊ बदकं. ती तात्यांनी चार दिवस बाल्कनीत ठेवून पाहिली. पाचव्या दिवशी सोसायटीची नोटीस आली.

"लिफ्टमंदी घाण केली म्हनं," तात्या आमच्या दारात उभे राहून सांगत होते. हातात बांबूचं डालगं, त्यातून नऊ माना बाहेर. "आता माज्याच जिमिनीवरनं वर जायचं आन माज्याच बदकास्नी बंदी. पोरी, तुमचं मागचं अंगन मोकळं हाय. ठेव. सहा माद्या, तीन नर. नऊ दिली, नऊच ऱ्हायला पायजेत. एक जरी कमी झालं तर मी समदी उचलून चिकनवाल्याला दीन, मग माजं मलाच बघायला नगं."

आमचं अंगण म्हणजे दीड गुंठ्यातून घर वजा जाता उरलेली पट्टी. शिफ्टच्या बसएवढी लांब, रुंदीला बसपेक्षा थोडी कमी. एका टोकाला शेवगा, दुसऱ्या टोकाला नळ. वडिलांनी भंगारातून निळा ड्रम आणला, आडवा कापला, आणि त्यात पाणी भरलं. बदकांनी त्या ड्रमाकडे असं पाहिलं, जसं तात्या त्यांच्या बाल्कनीकडे पाहतात.

आईचं म्हणणं वेगळं होतं. ती धाराशिवकडची, पंचवीस वर्षं इथं काढली तरी तिची बोली तिनं कपाटातल्या लुगड्यासारखी जपली आहे. "माणसं पोसायला जमंना, बदकं कशाला पोसायलीस?" ती म्हणाली. पण संध्याकाळी भाकरीचे तुकडे तिनंच टाकले.

मी ज्या घरात वाढले तिथं पत्रकं होती. वडील वायरींचे जुडगे बनवणाऱ्या एका कंपनीत लाइनवर, आणि लाइनवरून उतरले की युनियनमध्ये. मी अक्षरं ओळखायला शिकले ती उरलेल्या पत्रकांवर. आमच्या फडताळाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली असत. हळदीच्या डब्याखाली 'कामगार बंधू-भगिनींनो' आणि साखरेच्या डब्याखाली 'आता माघार नाही'. माझं नाव क्रांती. आई ते हाक मारताना 'क्रांते' असं ओढते, तेव्हा क्रांतीला दळण आणायला पाठवायचं असतं.

मी स्वतः लिहिलेलं पहिलं पत्रक टोप्यांवर होतं. वडिलांच्या कंपनीत कायम कामगारांना पांढरी टोपी, कंत्राटी पोरांना पिवळी, शिकाऊंना हिरवी. सुरक्षेसाठी, असं सांगायचे. पण वडील घरी येऊन सांगत की कॅन्टीनच्या रांगेत पिवळी टोपी आपोआप मागे सरकते, कोणी सांगावं लागत नाही. मला तेव्हा एवढा राग आला की मी एका बैठकीत दोन पानं लिहिली. माणसाच्या डोक्यावर रंग ठेवला की बाकीच्यांना त्याचा चेहरा पाहायची गरज उरत नाही, असं त्यात होतं. वडिलांनी ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी होती.

तर अशी मी त्या पायरीवर बसले आणि आठच दिवसांत माझ्या लक्षात आलं की माझ्या अंगणात राजरोस अन्याय चालला आहे.

सहा माद्यांमध्ये एक पाटलीण होती. हे नाव तात्यांचं. ती ओरडत नसे, धावत नसे. कोंड्याचं घमेलं ठेवलं की ती चालत यायची आणि बाकीच्या बाजूला व्हायच्या. एखादी नाहीच झाली तर पाटलीण मान लांब करून खाली घालायची, जमिनीला समांतर, सापासारखी. तेवढ्यानं काम व्हायचं. क्वचित मानेची पिसं चोचीत धरून एक हिसडा. तिच्यानंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी. सगळ्यात शेवटी ठिपकी. तिच्या चोचीवर मधोमध काळा ठिपका होता म्हणून ठिपकी. तिची पाळी येईपर्यंत घमेल्यात पाणी उरायचं आणि त्यात तरंगणारी चार टरफलं.

मला राग आला, हे खरं. पण त्याहून जास्त नवल वाटलं, हेही खरं. हे ठरतं कसं? कोण ठरवतं? दुसरीनं कधी पाटलिणीला आव्हान दिलं असेल का, की तिनं नुसत्या मानेच्या लांबीवरून हिशोब केला? ठिपकी लहानपणापासून शेवटची, की एखाद्या दिवशी तिनं एक लढाई गमावली आणि मग कोणी पुन्हा विचारलंच नाही? मला सगळं समजून घ्यायचं होतं. समजल्याशिवाय बदलता येत नाही, असं माझ्या घरातल्या एका पत्रकात होतं.

म्हणून वही आणली. कोण कोणाला टोचतं, कधी, कशावरून. अडचण एकच: खाकी रंगाची सहा बदकं एकदा गोल फिरली की कोणती कोण ते कळेना. मग मी वडिलांच्या डब्याच्या पिशवीतून वायरींवर गुंडाळायच्या चिकटपट्ट्या काढल्या. पिवळी, निळी, हिरवी, पांढरी. पाटलिणीला काळी, का, ते तेव्हा मला अगदी उघड वाटलं होतं. प्रत्येकीच्या एका पायाला दोन वेढे.

ठिपकीला पट्टीची गरज नव्हती. तिची चोच पुरेशी होती. पण सगळ्यांना दिली आणि हिलाच नाही, हे मला पटेना. शेवटची आहे म्हणून पट्टीसुद्धा नाही? आणि तिला मी लाल दिली. आमच्या घरात लाल रंग कोणाला द्यायचा, याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती.

त्या दिवसांतल्या वहीची पानं मी अजून ठेवली आहेत. अक्षर मोठं सुबक. 'सकाळी, घमेल्याजवळ: काळीने हिरवीला हटवलं. हिरवीने लालला टोचलं.' 'दुपारी: पांढरीने लालला टोचलं. कारण दिसत नाही.' 'निळीने लालला. पिवळीने लालला. कारण दिसत नाही.' पान उलटत गेलं की 'लाल' हा शब्द दाट होत जातो. मी त्याखाली रेघ मारली आहे आणि बाजूला लिहिलं आहे: 'शेवटच्या पायरीवरच्यावर दबाव वाढतो आहे.'

मग मी कारवाई केली. पाटलिणीला डालग्याखाली कोंडलं, तीन दिवस.

"हे काय?" वडिलांनी विचारलं.

"निलंबन."

"चौकशी झाली का?"

"अण्णा, चेष्टा करू नका."

"चेष्टा कुठाय, कॉम्रेड? आरोपपत्र द्यायचं असतंय. तिचं म्हणणं ऐकायचं असतंय." ते बूट काढत हसत होते. "आणि निलंबित माणूस परत येतो तेव्हा लोक त्याला हार घालतात, हे ध्यानात ठेव."

हार कोणी घातला नाही. पण जे झालं त्यानं मी गोंधळले. पाटलीण आत गेल्यावर अंगणात समता आली नाही, कल्ला आला. दुसरी आणि तिसरी दिवसभर एकमेकींच्या माना धरून फिरत होत्या. पूर्वी दोन हिसड्यांत मिटायचं ते आता तासभर चाले, आणि हरलेली प्रत्येक जण जाताजाता ठिपकीला एक टोचून जाई. चौथ्या दिवशी डालगं उचललं. पाटलीण बाहेर आली, पंख झटकले, पाणी प्यायली. दुपारपर्यंत सगळं पहिल्यासारखं. जणू मी कधी तिथं नव्हतेच.

आणि त्याच सुमारास नर माजावर आले. तीन नर, शेपटीवर एकेक पीस वर वळलेलं, ऐटीत. शेततळ्यावर बदकं पाण्यात जुळतात. मादीचं वजन पाणी घेतं, नको असेल तर ती बुडी मारून निघून जाते. आमच्याकडे ड्रम होता. त्यात बुडी मारली तर तळाला डोकं आपटायचं. त्यामुळे सगळं जमिनीवर, आणि तिघंही जी पळू शकत नाही तिच्यावर. ठिपकी लंगडायला लागली होती. तिच्या मानेची मागची पिसं आधी विस्कटली, मग विरळ झाली, मग गुलाबी कातडी दिसू लागली. एका सकाळी तिथं रक्त होतं.

आई ते पाहून आत गेली आणि हळद घेऊन आली. हळद लावताना तिचा हात हलका होता, बोलणं नाही. "तुझ्या बापानं माणसं सुधरवायला आयुष्य घातलं, आता तू बदकं सुधरवायलीस. लिहून काय व्हायलंय गं? ह्या मुक्या जिवाचं रगात निघायलंय आन तू वहीत रेघा मारायलीस."

तात्या रोज सकाळी यायचे, बदकं नजरेनं मोजायचे आणि जायचे. त्या दिवशी ते थांबले. ठिपकीला काखेत धरून त्यांनी मान पाहिली, बराच वेळ.

"न्हाई टिकायची," ते म्हणाले.

"टिकेल. मी बघते."

"पोरी, तू बघतीयासच की महिनाभर. आता तरास काढायचा आन मरायचं, त्यापरीस मी नेतो. समदीच नेतो. माजी चूक झाली, आंगनात बदकं न्हाई ऱ्हात."

"तात्या, पुनवेपर्यंत थांबा. होळीपर्यंत."

"आन मग?"

"मग ठिपकी उभी नसेल तर न्या. सगळी न्या."

त्यांनी तिला खाली ठेवलं. जाताना दारातून वळून म्हणाले, "माज्या तळ्यावर हेच तीन नर हुतं बरं का. ह्याच माद्या. पाच वरसं. कुनाचं पीस न्हाई उपटलं." त्यांच्या बोलण्यात माझ्यावर आरोप नव्हता. त्यांनाही खरंच नवल वाटत होतं.

ते वाक्य दिवसभर माझ्यासोबत राहिलं. तीच बदकं. तोच स्वभाव, तीच पाटलीण, तोच क्रम. मग वेगळं काय होतं? मी वहीत बदकांबद्दल सगळं लिहिलं होतं. अंगणाबद्दल एक ओळ नव्हती. एकच घमेलं. एकच ड्रम. लपायला आडोसा नाही. जिच्यापासून पळायचं तिच्याकडेच पुन्हा येऊन पोचावं लागेल एवढी जागा.

संध्याकाळी वडील पहिल्या शिफ्टहून आले. हातात चहाचा कप घेऊन पायरीवर माझ्याशेजारी बसले. ठिपकी भिंतीला टेकून होती. पिवळी तिच्याजवळ गेली. मी म्हटलं, आता टोचणार. पिवळी वाकली आणि तिनं ठिपकीच्या मानेला नाही, पायाला टोचलं. नीट, बारकाईनं, जसं दाणा उचलतात तसं. ठिपकीनं पाय झटकला. निळी आली. तिनंही पायालाच.

वडिलांनी कप खाली ठेवला. "तिच्या पायात काय आहे?"

"पट्टी. ओळखायला. सगळ्यांना आहे."

"बाकीच्यांची दिसत नाही की."

खरंच दिसत नव्हती. पिवळी पट्टी बदकाच्या पिवळसर पायात मिसळून गेली होती. काळी, निळी, हिरवी चिखलात बुडाल्या होत्या. पांढरी केव्हाच मातकट झाली होती. त्या सगळ्या अंगणात एकच गोष्ट लांबून चमकत होती.

वडील उठले. ठिपकीला त्यांनी गुडघ्यावर घेतलं, पाय हातात धरला. पट्टीच्या वर आणि खाली पाय सुजला होता. मधला भाग दोऱ्यानं आवळल्यासारखा. पट्टीच्या कडेनं टोचून टोचून कातडं सोललेलं. ती लंगडत का होती, ते मी महिनाभर वहीत कुठेच लिहिलं नव्हतं.

"लाल दिसलं की त्यांना किडा वाटत असेल," वडील म्हणाले. "किंवा रक्त."

मी पट्टीला हात लावायला गेले, तशी ठिपकीनं पाय ओढून घेतला.

"कोणती कोणाला, हे कोणी ठरवलं होतं?"

"मी."

त्यांनी पिशवीतून वायर कापायची पक्कड काढली. पट्टीखाली टोक सरकवायला जागा नव्हती. त्यांनी आधी खोबरेल लावलं, मग अंगठ्यानं हळूहळू कड उचलली. लाइनवर तीस सेकंदांत एक जोडणी करणारे त्यांचे हात त्या एका पायावर दहा मिनिटं होते. पट्टी सुटली तेव्हा ठिपकीनं पायाची बोटं पसरली आणि मिटली, पसरली आणि मिटली.

मी वाट पाहत होते की ते टोप्यांबद्दल बोलतील. पांढरी, पिवळी, हिरवी. माझं पत्रक त्यांना तोंडपाठ होतं. ते बोलले नाहीत. पट्टीचा तुकडा त्यांनी चिमटीत धरला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बाकीच्या पाच पण काढ. मी धरतो."

पुढचे पंधरा दिवस पत्रकातल्यासारखे नव्हते, बांधकामावरच्यासारखे होते. अंगणाच्या मधून जाळी ओढली. दोन नर जाळीपलीकडे, त्यांना वेगळा ड्रम. तात्या म्हणाले, "ह्येंना आळंदीला घाल. पखवाज शिकतील, डोकं ताळ्यावर येईल." आश्चर्य म्हणजे डोकं तसंही ताळ्यावर आलं, माद्या हाताशी नाहीत म्हटल्यावर दोघं चार दिवसांत शांत झाले आणि शेजारी शेजारी झोपू लागले. जुन्या ड्रमाच्या जागी वडिलांनी खड्डा खणला, त्यात ताडपत्री घातली, कमरेएवढं पाणी. एका घमेल्याची तीन घमेली केली आणि अशी ठेवली की एकाजवळ उभं राहून दुसऱ्यावर पहारा देता येणार नाही. शेवग्याखाली दोन पत्रे तिरके उभे केले; आडोसा.

ठिपकी डालग्याखाली होती, पण मध्येच, सगळ्यांना दिसेल अशी. एकटं काढून लांब ठेवलेलं बदक परत आलं की परकं होतं, हे तात्यांनी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ती सारखी ओरडत होती. मला वाटलं सोबत म्हणून सगळ्यात गरीब स्वभावाची निळी जवळ बसेल. निळी फिरकलीही नाही. दुपारी पाटलीण आली, डालग्याला एक फेरी मारली आणि त्याला अंग लावून बसली. संध्याकाळपर्यंत तिथंच. हे का, ते मला आजही कळलेलं नाही. मी ते वहीत लिहिलं नाही. वही तेव्हा फडताळात होती, तिखटाच्या डब्याखाली.

होळीच्या दिवशी सकाळी तात्या आले. अंगावर धुतलेला सदरा होता, हातात रिकामं डालगं. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला पुरणपोळीची कणीक.

मी ठिपकीवरचं डालगं उचललं. ती उभी राहिली. पाय टेकला. मानेवर बारीक, कोवळी, काट्यांसारखी नवी पिसं. दोन पावलं लंगडत, मग जरा सरळ. पाटलीण घमेल्यावरून वळली. मान लांब केली, खाली घातली आणि चालत आली. मी पुढे झाले; तात्यांनी माझा दंड धरला.

"थांब."

पाटलिणीनं ठिपकीच्या मानेवरची थोडी पिसं चोचीत धरली, एक हिसडा दिला, सोडली आणि परत पाणी प्यायला गेली.

"झालं," तात्या म्हणाले. "वळख पटली."

ठिपकी क्षणभर उभी राहिली. मग तिसऱ्या घमेल्याकडे गेली, जिथं कोणी नव्हतं, आणि चोच पाण्यात पूर्ण बुडवून प्यायली. सगळ्यांत शेवटी, पण भरलेल्या घमेल्यातून.

तात्यांनी नऊपर्यंत मोजलं. आई म्हणाली, "तात्या, रिकामं डालगं घेऊन सणाचं जाऊ नये," आणि त्यात पाच पुरणपोळ्या फडक्यात बांधून ठेवल्या.

मी अजूनही पत्रकं लिहिते. टोप्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. राग आहे तेवढाच आहे. पण आता लिहायला बसण्याआधी मी वडिलांना विचारते: कॅन्टीनला नळ किती? एकाच बाजूला की दोन्ही? बसमध्ये सीटा किती आणि शिफ्टवरून सुटणारे किती? ते म्हणतात, "तू आता युनियनची नाही, मेंटेनन्सची माणूस झालीस." आणि घडी घालून खिशात ठेवतात.

दहा दिवसांपूर्वी तात्यांनी एक नवीन मादी आणली, पांढरीशुभ्र. त्यांच्या नात्यातल्या कोणाकडे अंगण राहिलं नाही म्हणून. आठ दिवस ती जाळीपलीकडे, नरांपासून वेगळ्या कप्प्यात होती. परवा संध्याकाळी, त्या लांबलेल्या उन्हात, मी तिला आत सोडलं. ती भांबावून तिसऱ्या घमेल्याकडे गेली. तिथं ठिपकी होती.

ठिपकीनं मान लांब केली. खाली घातली, जमिनीला समांतर. मग त्या नव्या पांढरीच्या मानेची पिसं चोचीत धरून असा हिसडा दिला की पाटलीणसुद्धा वळून पाहू लागली.

"बघ गं बाई," आई दारातून म्हणाली, "तुझी कॉम्रेड."

मला हसू आलं आणि थोडं दुखलंही. पांढरी शेवग्यापाशी जाऊन उभी राहिली होती. मी चहाचा कप पायरीवर ठेवला, उठले, नळाखाली चौथं घमेलं भरलं आणि तिच्याजवळ नेऊन ठेवलं.